पिल्लाला जुलाब होतात तेव्हा आधी पिल्लू बघा

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारली. जिन्याखाली बुटांच्या खोक्यात मांजराचं मूठभर भुरं पिल्लू होतं. शेजारी स्टीलची वाटी, वाटीत कोमट दूध. "अगं, काल रात्री मिळालं. अधाशासारखं प्यायलं बिचारं. आणि आता बघ, सकाळपासून नुसतं वाहतंय. शी बांधून येईल असं काहीतरी औषध दे ना." पिल्लाची शेपटी ओली होऊन मागच्या पायाला चिकटली होती आणि खोक्यातल्या वर्तमानपत्रावर पिवळट पाण्याचे डाग होते.

आई नसलेली पिल्लं मी काही वर्षं घरी सांभाळते आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो तो हाच प्रश्न: जुलाब थांबवायला काय देऊ? प्रश्न मायेपोटी येतो, पण पिल्लाचा वेळ त्यातच वाया जातो. जुलाब का होताहेत याची कारणं दहा असतील, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असेल. पिल्लू दगावतं ते मात्र बहुतेक वेळा तीनच गोष्टींनी: अंगातलं पाणी संपतं, ऊब संपते, रक्तातली साखर संपते. म्हणून शी बघण्याआधी पिल्लू बघायचं.

त्याचं गणित साधं आहे. अंगातलं पाणी कमी होत होत शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत गेलं की अवस्था गंभीर होते. साठ किलोच्या माणसाला त्यासाठी सहा लिटर पाणी गमवावं लागेल. अर्ध्या किलोच्या पिल्लाला ५० मिलिलिटर पुरतं. म्हणजे तीन-साडेतीन मोठे चमचे. दोन-चार वेळा पाण्यासारखी शी आणि एक-दोन उलट्या झाल्या की तेवढं सहज जातं. "उद्यापर्यंत वाट बघू" हे मोठ्या माणसाच्या पोटदुखीला ठीक आहे. पाच आठवड्यांच्या पिल्लाचा उद्या फार लांब असतो.

मग बघायचं काय? हिरड्यांना बोट लावा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोट चिकटत असेल किंवा हिरडी पांढुरकी दिसत असेल तर काळजीचं कारण आहे. डोळे खोल गेलेत का बघा. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच जागेवर बसली पाहिजे. पण अगदी लहान पिल्लात ही चिमटीची खूण फसवते, त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबू नका. पायाचे पंजे आणि तोंडाची आतली बाजू गार लागते का, हे हाताला लगेच कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिल्लू तक्रार करतं का? उचलल्यावर ओरडणारं, नखं मारणारं पिल्लू मला आवडतं. हातात मऊ कापडासारखं पडून राहणाऱ्या पिल्लाची मला भीती वाटते.

काकूंचं पिल्लू ओरडत होतं, पण बारीक आवाजात. पंजे गार होते.

अशा वेळी बहुतेकांचा हात पुन्हा दुधाकडे जातो. उपाशी असेल, पोटात काही जाऊ दे, असं वाटतं. इथे एक नियम मी अनुभवाने नाही, एक पिल्लू गमावून शिकले: गार पिल्लाला काहीही भरवायचं नाही. अंग गार पडलं की आतड्याची हालचाल मंदावते, जवळजवळ थांबते. भरवलेलं पोटातच आंबतं, नाहीतर उलटून श्वासनलिकेत जातं. आधी ऊब द्यायची, तीही हळूहळू. बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळायची आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. हेअर ड्रायर, शेगडी, उन्हात ठेवणं, यातलं काही नको. महिन्याच्या पुढच्या पिल्लाचं अंग साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या हाताला ते गरमच लागायला हवं. आपल्याइतकंच लागलं तर ते थोडं गारच आहे असं समजा. पिल्लाने मान टाकली असेल तर ग्लुकोज पावडर थेंबभर पाण्यात दाट कालवून बोटाने हिरड्यांना चोळायची आणि त्याच पावली दवाखाना गाठायचा. घशात ओतायचं नाही.

आता दुधाबद्दल, कारण आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध हे समीकरण इतकं पक्कं आहे की ते सोडवायला वेळ लागतो.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला आतड्यात लॅक्टेज हे पाचकद्रव्य लागतं. पिल्लू आईला पितं तोवर ते भरपूर असतं, पिणं सुटत जातं तसं ते कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पुढे सरकते आणि जिथे जाईल तिथे पाणी ओढून घेते, लोणच्यातल्या मिठाने फोडींचं पाणी सुटावं तसं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू तीच साखर आंबवतात, त्यातून वायू होतो, पोट फुगतं. काकूंच्या वर्तमानपत्रावरचं पिवळट पाणी बरंचसं असं तयार झालं होतं.

"पण हे तर अजून दूधपितंच आहे ना?" काकूंनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. अडचण अशी की मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. गाईच्या दुधावर तेवढंच पोषण मिळवायचं तर पिल्लाला खूप जास्त दूध प्यावं लागतं, आणि त्याबरोबर लॅक्टोजही जास्त जातं. पाणी घालून पातळ केलं की पोषण आणखी घटतं, साखर घातली की त्रास आणखी वाढतो. शेळीच्या दुधातही लॅक्टोज जवळपास तेवढंच असतं. यावर सरळ उपाय आहे: मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळते, डब्यावरच्या मापानेच कालवायची. दाट केली म्हणून बाळसं धरत नाही, उलट पोट बिघडतं.

किती द्यायचं? लहान पिल्लाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर १०० ग्रॅममागे साधारण ४ मिलिलिटर मावतं. म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी ८ मिलिलिटर. आपण माणसाच्या बाळाचा अंदाज लावतो आणि पोट टम्म होईपर्यंत पाजतो. जास्त पाजल्याने होणारे जुलाब मी खूप पाहिले आहेत, आणि ते कमी-कमी, पण वारंवार दिलं की बरे होतात. पाजताना पिल्लू पालथं, चार पायांवर असावं. बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं की दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आणि तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून शी-शू करत नाही. आई चाटून करवते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस प्रत्येक वेळी पाजल्यावर मागे हलक्या हाताने फिरवायचा. हे माहीत नसल्याने पोट फुगलेली पिल्लं "गॅस झालाय" म्हणून लोक घेऊन येतात.

चार आठवड्यांच्या आसपास पिल्लू घन खाणं सुरू करतं, आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटतं. हा काळ पोट बिघडण्याचा हंगामच. नवं खाणं द्यायचं तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यायचं. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या अन्नाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. आज एका कंपनीचं पाऊच, उद्या दुसरीचं, परवा वरण-भात असं केलं तर शी पातळ होणारच. वरण-भाताबद्दल आणखी एक. मांजर मांसाहारी प्राणी आहे, त्याला टॉरिन हे द्रव्य अन्नातूनच लागतं आणि ते प्राण्यांच्या मांसातून मिळतं. डाळ-तांदळात ते नसतं. शिवाय आपल्या फोडणीत लसूण असतो, भाजी-रश्शात कांदा असतो, आणि हे दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कोकणात पिल्लाला खारवलेली सुकी मासळी देतात, तिच्यातलं मीठ एवढ्याशा जिवाला झेपत नाही. काटे वेगळेच.

तर ऊब दिली, दूध बंद केलं, काकूंचं पिल्लू तासाभरात थोडं तरतरीत झालं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते ३८० ग्रॅम भरलं. दात आले होते, कान ताठ होते, म्हणजे वय पाच आठवड्यांच्या आसपास, आणि त्या मानाने वजन कमी. फासळ्या हाताला लागत होत्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. हाडं वर आणि पोट पुढे, हे चित्र दिसलं की मी जंतांचा विचार करते.

गोल जंत पिल्लात इतके सर्रास असतात की ते आहेत असं धरूनच चालावं. पिल्लू कधी घराबाहेर गेलं नाही, मग जंत कुठून आले, असं लोक विचारतात. आईकडून. मांजरीच्या शरीरात जंतांच्या अळ्या स्नायूंमध्ये दडून बसलेल्या असतात, पिल्लं झाली की त्या जाग्या होतात आणि दुधातून पिल्लाच्या पोटात जातात. तिथे त्यांचे शेवयांसारखे पांढरे, लांब जंत होतात. पिल्लाचं खाणं आधी तेच खातात. कधी उलटीतून, कधी शीतून ते बाहेर पडतात आणि घरातले घाबरतात. दिसले ते बरंच झालं, निदान कारण तरी कळलं.

जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी देतात, दूध सुटेपर्यंत. पुढे सहा महिन्यांपर्यंत साधारण महिन्याने. लोक एक डोस देऊन थांबतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. औषध आतड्यातल्या जंतांना मारतं. शरीरात अजून फिरत असलेल्या अळ्यांपर्यंत ते पोचत नाही. त्या पुढच्या पंधरवड्यात आतड्यात उतरतात, म्हणून पुन्हा द्यायचं. डोस वजनावर ठरतो, आणि एवढ्या लहान वजनाला थेंबांचाही फरक पडतो, त्यामुळे माणसांच्या जंतांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका.

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या पांढऱ्या आणि शी काळसर असेल तर त्यांचा संशय घ्यायचा. चपटा जंत पिसवांमुळे होतो. पिल्लू अंग चाटताना पिसू गिळतं, तिच्यातून जंत येतो, आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे चिकटलेले दिसतात. त्याला गोल जंतांचं औषध चालत नाही, वेगळं लागतं, आणि पिसवा गेल्या नाहीत तर तो परत येतो. पिसवांसाठी कुत्र्याची पावडर किंवा थेंब वापरू नका. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला झटके आणून मारू शकतं.

जंतांची औषधं देऊनही शी सुधारत नाही, आव पडते, कधी रक्ताचा धागा दिसतो, घरात दोन-चार पिल्लं एकत्र आहेत, अशा वेळी कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया हे एकपेशी जीव असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, शी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. जिआर्डिया रोजच्या रोज शीतून पडत नाही, म्हणून डॉक्टर तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतात. दोन्हींचं औषध आहे, पण शी-शूचा ट्रे रोज गरम पाण्याने धुतला नाही तर पिल्लू स्वतःच्याच पायांवरून ते पुन्हा चाटून घेतं.

या सगळ्याहून वेगळा, आणि ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरते, तो पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्हो या विषाणूचा हा मांजरातला भाऊबंद. शरीरात ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्यांच्यावर हा विषाणू तुटून पडतो. आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज ही त्याची ठिकाणं. अस्तर गळून पडतं म्हणून उलट्या-जुलाब, आणि मगज बंद पडतो म्हणून पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणजे लढायचं तेव्हाच सैन्य नाहीसं होतं. काल खेळणारं पिल्लू आज कोपऱ्यात बसतं, ताप, पिवळी किंवा फेसाळ उलटी. एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही: पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान लोंबकळवून बसतं, तहान लागलेली असते, पण पीत नाही. असं दिसलं तर थांबू नका, रात्र असली तरी. विषाणूवर थेट औषध नाही, पण सलाइन, उलटी थांबवणारी औषधं आणि प्रतिजैविकं वेळेत मिळाली तर पिल्लं वाचतात. मी वाचलेली पाहिली आहेत.

हा विषाणू फरशीवर, टोपलीत, आपल्या चपलेवर महिनोन्‌महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. फिनाईलने तो मरत नाही, आणि फिनाईल मांजराला विषारी आहे. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही मांजराच्या घरात नकोत. आधी साबणाने घाण काढायची, मग घरगुती ब्लीचचा १ भाग आणि पाणी ३२ भाग असं करून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर साध्या पाण्याने पुसायचं. पिल्लू तोवर दुसऱ्या खोलीत. आणि लस. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत पुन्हा देतात. एकदा दिली की झालं असं का नाही? कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही निष्प्रभ करते, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. मधल्या फटीत पिल्लू उघडं पडू नये म्हणून ते डोस आहेत.

एकामागून एक उलट्या, खाणं बंद, पण जुलाब फारसे नाहीत, असं असेल तर तोंड उघडून जिभेखाली बघा. शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा, मिठाईच्या खोक्याची जरीची फीत जिभेला अडकून आत गेलेली असते. आतडं त्या दोऱ्यावर परकराच्या नाडीसारखं चुण्या होऊन गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तरी ओढू नका, आतडं कापलं जातं. ते काम शस्त्रक्रियेचं आहे.

घरच्या औषधांबद्दल मी कठोर आहे. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते निकामी करण्याची यकृताची जी वाट आपल्यात असते ती मांजरात जवळपास नसते. रक्त प्राणवायू वाहणं थांबवतं, हिरड्या तपकिरी-निळ्या होतात. ताप वाटतोय म्हणून लहान मुलांच्या सिरपचे चार थेंब दिले, असं सांगणारे लोक वाईट नसतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. जुलाब थांबवणाऱ्या माणसांच्या गोळ्याही नकोत. आतडं गच्च बंद केलं की जे बाहेर पडायला हवं ते आत अडकतं. आणि लंघन हे आपलं औषध असेल, पिल्लाचं नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा नसतोच म्हणा ना, काही तासांत ते कोसळू शकतं.

घरी करण्यासारखं एवढंच. पिल्लू सहा आठवड्यांहून मोठं आहे, खेळतंय, खातंय, उलटी नाही, फक्त शी थोडी मऊ आहे, तर एखादा दिवस थांबायला हरकत नाही. बिनहाडाची कोंबडी मिठाशिवाय उकडून, बारीक तोडून, थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी सतत समोर. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त हे चालवायचं नाही, नुसत्या कोंबडीत सगळं पोषण नसतं. रक्त, काळी शी, उलटी, पांढऱ्या हिरड्या, मलूलपणा यातलं एकही असेल, किंवा पिल्लू सहा आठवड्यांच्या आतलं असेल, तर सरळ दवाखाना. शहरात खासगी डॉक्टर आहेतच. मुंबईत परळला, शिवाय शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. जाताना तीन गोष्टी न्या: ताज्या शीचा नमुना झाकणाच्या छोट्या डबीत, गेल्या दोन दिवसांत काय-काय खाऊ घातलं त्याची खरी यादी, आणि रोजचं वजन. वाढतं पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं. वजन एका जागी थांबलं तर शी चांगली दिसली तरी काहीतरी अडलंय.

आम्ही त्याच दुपारी गेलो. डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन दिलं, मानेमागे एक पाण्याचा फुगा आला आणि तासा-दोन तासांत जिरला. शीत गोल जंतांची अंडी भरपूर निघाली. औषधाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला पुन्हा खाली बोलावलं आणि ट्रेमधला शेवयांचा गुंता दाखवला. "एवढं सगळं हिच्या पोटात होतं?" काकूंना नातीचं येणं आठवलं, म्हणून मी त्यांना हात साबणाने धुवायला आणि ट्रे नातीपासून लांब ठेवायला सांगितलं. या जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मुलांना त्रास होऊ शकतो. गरोदर बाईने ट्रे साफ करू नये हेही त्यातलंच, तिथे धोका टॉक्सोप्लाझ्मा या वेगळ्या जिवाचा असतो.

त्या भुऱ्या पिल्लाचं वजन तिसऱ्या दिवशी ३९५ ग्रॅम होतं आणि आठवड्याने ४६०. पुढच्या जंताच्या औषधाची आणि पहिल्या लशीची तारीख काकूंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे, दुधाच्या खाड्यांशेजारी.